बंद केलेली सर्व्हिस परत का उठते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑफिसातल्या एका जुन्या डेस्कटॉपवर उबंटू २२.०४ टाकलंय, त्यावरून सांबाने फायली शेअर होतात. उघड्या पोर्टांची (पोर्ट म्हणजे नेटवर्कवरून मशीनमध्ये यायचं क्रमांक दिलेलं दार) यादी काढली तर डझनभर ओळी आल्या. त्यातल्या नको त्या सर्व्हिसेस, म्हणजे पडद्यामागे चालणारे प्रोग्रॅम, 'स्टॉप' केल्या; रीबूट केल्यावर सगळ्या परत हजर. मग 'डिसेबल' केल्या. बऱ्याच गेल्या, पण कप्स (छपाई सांभाळणारी) आणि अवाही (नेटवर्कवरची मशीन, प्रिंटर, शेअर आपोआप शोधून देणारी) पुन्हा चालू झालेल्या दिसतात. शिवाय हल्ली बूट व्हायला दीडेक मिनिट जास्त लागतं. तर नको असलेलं सगळं एका झटक्यात, कायमचं बंद करणारी एखादी कमांड आहे का?

नाही. आणि कुणी तशी स्क्रिप्ट दिली तर चालवू नका. तुम्हाला काय नको आहे हे स्क्रिप्टला कळणार कसं? पण मला वाटतं तुमची खरी अडचण वेगळी आहे. सर्व्हिस बंद कशी करायची ते तुम्हाला येतंच आहे. घोडं अडलंय ते बंद केलेल्या सर्व्हिसला परत उठवतं कोण, इथे. बूट होताना आपोआप सुरू होणं हा उठण्याचा फक्त एक रस्ता झाला. 'डिसेबल' तेवढाच रस्ता बंद करतं. बाकीचे रस्ते उघडे असतात, आणि कप्स नेमकी त्यातल्याच दोन रस्त्यांनी तुमच्याकडे परत येते आहे.

एक सूचना आधीच देतो: कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या.

आता, किती खोलात जायचं हे मशीन कुठे आहे त्यावर ठरतं. भाड्याने घेतलेला सर्व्हर थेट इंटरनेटवर असेल, त्याला स्वतःचा सार्वजनिक आयपी असेल, तर एकही फालतू पोर्ट उघडं ठेवायला मी तयार नसतो. लॅपटॉप असेल आणि तो स्टेशनवरच्या किंवा हॉटेलातल्या वायफायला जोडला जात असेल, तरी जवळपास तोच नियम. तुमचा डेस्कटॉप ऑफिसच्या राउटरमागे बसलाय, बाहेरून त्याच्यापर्यंत सहजी कुणी पोचत नाही. म्हणजे घाई नाही, रात्री जागायची गरज नाही. पण त्याच नेटवर्कवर पाहुण्यांचे फोन आणि कधीमधी व्हायरस लागलेला एखादा विंडोज लॅपटॉपही येतो. तेव्हा साफसफाई करायची तर आहेच.

बरेच लोक सुरुवात करतात ती एनेबल असलेल्या सर्व्हिसेसची लांबलचक यादी काढून. मी तसं करत नाही. त्या यादीत पन्नास नावं येतात, त्यातली बहुतेक नेटवर्कवर काही ऐकतच नाहीत, आणि माणूस कंटाळून चार नावं अंदाजाने उडवतो. मी पोर्टापासून सुरुवात करतो:

सुडो एसएस -टीयूएलपीएन

सुडो विसरू नका. त्याशिवाय शेवटचा रकाना, म्हणजे कोणता प्रोग्रॅम ऐकतोय तो, दुसऱ्या युजरच्या प्रोसेससाठी रिकामा दिसतो आणि अर्धी माहिती जाते. यादी आली की आधी डोळा लोकल अ‍ॅड्रेसच्या रकान्यावर. तिथे १२७ ने सुरू होणारा पत्ता असेल तर ती सर्व्हिस फक्त त्याच मशीनशी बोलते. शेजारच्या टेबलावरून तिला हात लावता येत नाही. ०.०.०.०, चौकटी कंसातले दोन विसर्ग किंवा नुसती फुली-तारा दिसली तर ती सगळ्या नेटवर्क कार्डांवर कान देऊन बसली आहे. आपलं काम मुख्यतः या दुसऱ्या गटाशी.

तुमच्या यादीतला पहिला गट चटकन संपतो. १२७.०.०.५३ वर पोर्ट ५३ म्हणजे सिस्टिमडी-रिझॉल्व्ह्ड. नावाचा आयपी शोधून देणारा तोच. त्याला नको समजून बंद केलंत तर पुढच्या मिनिटाला 'इंटरनेट गेलं' म्हणून ऑफिसात ओरडा होईल. ३३०६ आणि ३३०६० वर मायएसक्यूएल आहे, तेही फक्त स्वतःपुरतं ऐकतंय. ते वापरात नसेल तर काढा, पण ती मेमरी वाचवायची गोष्ट झाली, सुरक्षेची तातडी नाही. यूडीपी ६८ दिसत असेल तर तो राउटरकडून आयपी मागून घेणारा क्लायंट. त्याला हात लावू नका.

उरले ते सगळ्यांसाठी उघडे: २२ वर एसएसएच (दुरून लॉगिन करायला), १११ वर आरपीसीबाइंड, १३९ आणि ४४५ वर सांबाचा एसएमबीडी, १३७ आणि १३८ वर सांबाचाच एनएमबीडी, ५३५३ वर अवाही, यूडीपी ६३१ वर कप्स-ब्राउझ्ड, आणि ८०८० वर डॉकर-प्रॉक्सी. डझनभर ओळी वाटल्या तरी सर्व्हिसेस सातच आहेत. आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ साठी ओळी दोनदोन येतात एवढंच.

कप्सपासून सुरू करू, कारण अडलंय तिथेच. तीन शब्द नीट वेगळे करा. 'स्टॉप' म्हणजे आत्ता थांब. उद्याचं काही सांगितलेलं नाही. 'डिसेबल' म्हणजे बूटच्या वेळी उठू नकोस. आत्ता चालू असेल तर चालूच राहते. दोन्ही एकदम हवं असेल तर:

सुडो सिस्टिमसीटीएल डिसेबल --नाऊ कप्स.सर्व्हिस

यात जादू काही नाही. /ईटीसी/सिस्टिमडी/सिस्टिम/ या फोल्डरात 'मल्टी-युजर.टार्गेट.वॉन्ट्स' नावाचं एक उपफोल्डर आहे. एकदा त्यात एलएस मारून बघाच. बूटला उठणाऱ्या बहुतेक सर्व्हिसेसच्या नावाने तिथे एकेक सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी लिंक, असते. एनेबल म्हणजे तिथे लिंक टाकणं, डिसेबल म्हणजे ती काढणं. पूर्वी आरसी डॉट डी मध्ये एस आणि के ने सुरू होणाऱ्या लिंका असायच्या, त्याचंच हे नवं रूप. पीसीक्वेस्टच्या सीडीवरून पहिलं लिनक्स टाकलेल्या आमच्या पिढीला ते 'चेककॉन्फिग ऑफ' आणि एनटीसिसव्हीचा निळा पडदा आठवत असेल. स्पेसबार दाबून फुली काढायची, संपलं. तेव्हाही एक्सआयनेटडी नावाचा एक दारवान होताच, जो दुसऱ्यांच्या वतीने पोर्टावर बसायचा आणि कुणी आलं की आतल्याला हाक मारायचा. आज तेच काम सिस्टिमडी, म्हणजे सगळ्या सर्व्हिसेस सुरू-बंद करणारा मूळ प्रोग्रॅम, स्वतः करतो.

हाच दुसरा रस्ता. कप्स स्टॉप करताना टर्मिनलवर एक इशारा येतो, जो कुणीच वाचत नाही: कप्स.सर्व्हिस थांबवतोय, पण कप्स.सॉकेट आणि कप्स.पाथ तिला अजूनही सुरू करू शकतात. कप्स.सॉकेट ही मशीनच्या आतली एक सॉकेट फाइल धरून बसते. तुम्ही लिबरऑफिसमध्ये प्रिंटचा डायलॉग नुसता उघडलात तरी त्या फाइलला धक्का लागतो आणि सिस्टिमडी कप्सला उठवतो. ही सॉकेट पोर्ट नसल्यामुळे एसएसच्या वरच्या यादीत ती दिसतही नाही. म्हणजे तुम्ही स्टॉप केलंत, पाच मिनिटांनी बघितलंत तर कप्स परत चालू, आणि तुम्हाला वाटलं स्टॉप लागलंच नाही.

पण रीबूटनंतर जे होतंय त्याचं कारण तिसरा रस्ता आहे, आणि मला खात्री आहे तुमच्याकडे तोच आहे. ही कमांड चालवा:

सिस्टिमसीटीएल लिस्ट-डिपेंडन्सीज --रिव्हर्स कप्स.सर्व्हिस

म्हणजे कप्सला कोण कोण ओढून आणतं ते उलट्या बाजूने विचारायचं. उत्तरात कप्स-ब्राउझ्ड.सर्व्हिस दिसेल. तिची युनिट फाइल, म्हणजे ती कशी सुरू करायची हे सिस्टिमडीला सांगणारी फाइल, 'सिस्टिमसीटीएल कॅट' ने उघडून वाचा. त्यात 'रिक्वायर्स' च्या ओळीत कप्स.सर्व्हिस आहे आणि 'वॉन्ट्स' च्या ओळीत अवाही-डीमन.सर्व्हिस आहे. तुम्ही कप्स डिसेबल केलीत, अवाही डिसेबल केलीत, पण या दोघींना हाताला धरून आणणारी कप्स-ब्राउझ्ड एनेबलच राहिली. बूट झालं की ती उठते, "मला कप्स लागते" म्हणते आणि सिस्टिमडी निमूटपणे कप्स आणून देतो. डिसेबल म्हणजे स्वतःहून उठू नकोस. दुसऱ्याने बोलावलं तर येऊ नकोस असं त्यात कुठेही सांगितलेलं नाही.

तेव्हा क्रम उलटा करा. आधी ओढणारी, मग ओढली जाणारी:

सुडो सिस्टिमसीटीएल डिसेबल --नाऊ कप्स-ब्राउझ्ड.सर्व्हिस

सुडो सिस्टिमसीटीएल डिसेबल --नाऊ कप्स.सॉकेट कप्स.पाथ कप्स.सर्व्हिस

काही युनिट फायलींत 'ऑल्सो' अशी ओळ असते आणि सर्व्हिस डिसेबल केली की तिची सॉकेटही सोबत डिसेबल होते. तरी मी नावं स्पष्ट लिहितो, म्हणजे सहा महिन्यांनी हिस्टरी बघितली तर काय केलं होतं ते मलाच कळतं.

कप्स-ब्राउझ्डबद्दल अजून थोडं बोलायला हवं, कारण तुमच्या यादीतली सर्वात वाईट ओळ तीच आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सिमोने मार्गारितेल्ली या संशोधकाने कप्समधल्या काही त्रुटी जाहीर केल्या. त्यातली पहिली, सीव्हीई-२०२४-४७१७६, हीच: कप्स-ब्राउझ्ड यूडीपी ६३१ वर कुणाचंही पाकीट स्वीकारत होती. बाकीच्या त्रुटी साखळीसारख्या जोडल्या की हल्लेखोर एक खोटा प्रिंटर तुमच्या मशीनवर बसवू शकत होता, आणि त्या प्रिंटरवर कुणी छापायला काही पाठवलं की हल्लेखोराची कमांड चालायची. त्यानंतर उबंटूने अपडेट देऊन प्रिंटर शोधण्याचा तो जुना प्रोटोकॉलच काढून टाकला. तुमच्याकडे ६३१ ची यूडीपी ओळ अजून दिसत असेल तर सर्व्हिसेस आवरण्याआधी एपीटी अपडेट आणि अपग्रेड करून घ्या. ज्या मशीनला प्रिंटरच जोडलेला नाही तिथे ही सर्व्हिस हवी कशाला, हा पुढचा प्रश्न.

'मास्क' हा तिसरा शब्द अजून राहिला. मास्क केलं की त्या युनिटच्या नावाची लिंक /डेव्ह/नल या कायम रिकाम्या फाइलकडे वळवली जाते. मग सॉकेट असो, दुसरी सर्व्हिस असो की तुम्ही स्वतः हाताने स्टार्ट म्हणा, ती उठत नाही. ऐकायला हेच सगळ्यात उत्तम वाटतं आणि नवशिके सरसकट मास्क करत सुटतात. मी मास्क शेवटी वापरतो. कप्स मास्क केलीत आणि कप्स-ब्राउझ्ड एनेबल ठेवलीत, तर दर बूटला कप्स-ब्राउझ्ड फेल होणार आणि लॉगमध्ये लाल ओळी पडत राहणार. दोन वर्षांनी तुमच्या जागी आलेला माणूस प्रिंटर जोडायला बसला की तो इन्स्टॉल करील, स्टार्ट करील, आणि 'युनिट मास्क्ड आहे' या वाक्याकडे बघत डोकं खाजवील.

मास्कचा धडा मला एका कॉलेजच्या लॅबने दिला. ४० मशीन होती, सगळ्यांची होम डिरेक्टरी एका सर्व्हरवरून एनएफएसने (नेटवर्कवरून फोल्डर जोडायची एक पद्धत) येत होती. शुक्रवारी संध्याकाळी मी पोर्ट १११ बघितलं, आरपीसीबाइंड कशाला हवा म्हणालो, एका स्क्रिप्टने सगळीकडे सर्व्हिस आणि सॉकेट मास्क केले. सगळं चालू राहिलं. माउंट झालेल्या डिरेक्टऱ्या जागच्या जागी होत्या, मी खूश होऊन घरी गेलो. सोमवारी सकाळी मशीन बंद अवस्थेतून सुरू झाली आणि पहिल्या बॅचच्या पोरांना लॉगिन केल्यावर रिकामा पडदा. लॉगमध्ये ओळ होती की आरपीसी.स्टॅटडी चालू नाही आणि रिमोट लॉकिंगसाठी तो लागतो. सर्व्हर एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीवर होता. तिला फाइल लॉक करायला स्टॅटडी लागतो, स्टॅटडीला आरपीसीबाइंड लागतो. चौथ्या आवृत्तीला यातलं काही लागत नाही, तिचा सगळा कारभार एकट्या २०४९ पोर्टावर चालतो. मी ज्या कागदावर 'आरपीसीबाइंडची गरज नाही' असं वाचलं होतं तो चौथ्या आवृत्तीबद्दल होता. त्या दिवसापासून शुक्रवारी संध्याकाळी मी काही बंद करत नाही, आणि ४० पैकी एक मशीन आधी रीबूट करून बघितल्याशिवाय बाकीच्यांना हात लावत नाही.

तुमच्या मशीनवर आरपीसीबाइंड आला कसा? तुम्हीच लिहिलंय की मागे एकदा एनएएस (नेटवर्कला जोडलेला फायली साठवायचा डबा) जोडून बघायला एनएफएस-कॉमन टाकलं होतं. त्याच पॅकेजबरोबर तो येतो. एसएसच्या यादीत १११ ची ओळ नीट बघा: प्रोसेसच्या रकान्यात आरपीसीबाइंड आहे आणि त्याच्या शेजारी 'सिस्टिमडी, पीआयडी १' असंही लिहिलंय. पीआयडी म्हणजे प्रोसेसचा क्रमांक, आणि १ नंबर सिस्टिमडीचा. पोर्टाच्या शेजारी पीआयडी १ दिसला की समजायचं, हे पोर्ट सिस्टिमडीने स्वतः उघडून धरलंय आणि मागे सॉकेट युनिट आहे. नुसती सर्व्हिस मारून हे पोर्ट बंद होणार नाही. ही एक खूण डोळ्यात बसली तर अर्धा वेळ वाचतो. आरपीसीबाइंड खुल्या इंटरनेटवर तर अजिबात नको. छोट्या चौकशीला तो मोठं उत्तर देतो, आणि चौकशी खोट्या पत्त्यावरून केली तर ते उत्तर तिसऱ्याच कुणाच्या डोक्यात पडतं. अशा हल्ल्यांसाठी तो वापरला गेला आहे.

आता तुम्ही एनएफएस वापरतच नाही, तर डिसेबल-मास्कच्या खेळात पडू नका. पॅकेज काढा. नसलेल्या सर्व्हिसला कुणी उठवू शकत नाही. काढण्याआधी एपीटी रिमूव्हला '-एस' लावून कोरडी फेरी मारा, म्हणजे सोबत काय काय जाणार ते दिसेल. कप्सच्या बाबतीत हे फार गरजेचं. डेस्कटॉपची बरीच पॅकेजं तिच्यावर टेकलेली असतात आणि 'वाय' दाबण्याच्या सवयीपायी लोकांनी अर्धा डेस्कटॉप घालवलेला मी पाहिला आहे. म्हणून आरपीसीबाइंडला काढा, कप्सला नुसतं डिसेबल करा. थांबा, एनएफएस-कॉमन लगेच काढू नका. त्याचं एक शेपूट आहे, खाली येतो त्यावर.

हे पॅकेज टाकलं की सर्व्हिस लगेच चालू होणं, ही डेबियन आणि उबंटूची जुनी रीत. फेडोरा आणि रेड हॅटच्या घराण्यात वेब सर्व्हर टाकला तरी तो तुम्ही एनेबल करेपर्यंत गप्प बसतो. मला स्वतःला ती रीत जास्त पटते. पण उबंटूवर राहायचं तर एक युक्ती आहे: नवीन काही टाकण्याआधीच त्याच्या सर्व्हिसचं नाव मास्क करून ठेवायचं. 'असं युनिट नाही, तरी पुढे जातोय' अशी कुरकुर होते, पण लिंक पडते. मग पॅकेज टाका, त्याची कॉन्फिग फाइल सावकाश नीट करा, नंतर अनमास्क करून हवं तेव्हा सुरू करा. मधल्या काळात अर्धवट सेटिंगवाली सर्व्हिस पोर्ट उघडून बसत नाही. आणि अपग्रेडनंतर डिसेबल टिकतं का, ही तुमची शंका होती तिचं उत्तर: नेहमीच्या अपग्रेडमध्ये तुमचं डिसेबल टिकतं. पॅकेज पर्ज करून, म्हणजे सेटिंगसकट काढून, पुन्हा टाकलंत तर मात्र पाटी कोरी, सर्व्हिस परत एनेबल.

८०८० ची गोष्ट निराळी. तिथे डॉकर-प्रॉक्सी आहे, म्हणजे आत एखादा कंटेनर (डॉकरने वेगळ्या डब्यात चालवलेला प्रोग्रॅम) पोर्ट बाहेर देतोय. सिस्टिमसीटीएलच्या यादीत त्याचं नावही नसतं, कारण त्याला उठवणारा डॉकर आहे. कंटेनर बनवताना '--रीस्टार्ट=ऑलवेज' दिलं असेल तर डॉकर सुरू झाला की तोही उठतो. डॉकर पीएसने नाव काढा, मग:

डॉकर अपडेट --रीस्टार्ट=नो त्याचं-नाव

आणि नंतर डॉकर स्टॉप. डॉकरच डिसेबल करायचा असेल तर डॉकर.सॉकेटही सोबत घ्या, नाहीतर कधीतरी सहज 'डॉकर पीएस' टाइप कराल, सॉकेट डीमनला उठवील, डीमन सगळ्या 'ऑलवेज' वाल्यांना उठवील. तुम्ही म्हणता यूएफडब्ल्यू ही उबंटूची फायरवॉल चालू आहे, ८०८० बंद केलंय. त्यावर विसंबू नका. डॉकर पोर्ट देताना आयपीटेबल्समध्ये स्वतःचे नियम घालतो आणि कंटेनरकडे जाणारी वाहतूक यूएफडब्ल्यूच्या नियमांना बगल देऊन निघून जाते. कंटेनर हवाच असेल तर पोर्ट देताना पुढे १२७.०.०.१ लिहा, म्हणजे तो घरातल्या घरात राहील.

सांबा तुम्हाला हवाय, त्यामुळे एसएमबीडी राहणार. एनएमबीडी मात्र बहुधा नको. तो नेटबायोसची नावं सांभाळतो. ऑफिसातली विंडोज मशीन शेअर आयपीने उघडत असतील तर त्याच्यावाचून काही अडत नाही. नावाने उघडत असतील तर आधी दोन-तीन मशीनवरून बघा. एसएमबी.कॉन्फमध्ये 'डिसेबल नेटबायोस = येस' लिहा, एनएमबीडी डिसेबल करा, १३७ आणि १३८ जातील; 'एसएमबी पोर्ट्स = ४४५' लिहिलंत तर १३९ ही जाईल. मशीनला दोन नेटवर्क कार्ड असतील तर 'इंटरफेसेस' आणि 'बाइंड इंटरफेसेस ओन्ली' या दोन ओळींनी सांबाला आतल्या कार्डापुरतं बांधून टाका. अवाहीबद्दल एक पुस्ती: ऑफिसात मॅक असेल तर त्याच्या फाइंडरमध्ये तुमचा शेअर आपोआप दिसतो तो बऱ्याचदा अवाहीच्या कृपेने. तेव्हा तिला घालवण्याआधी मॅकवाल्याला विचारा.

एसएसएच. मशीन तुमच्या टेबलाखालीच असेल आणि तुम्ही कधी दुरून लॉगिन करत नसाल तर खुशाल डिसेबल करा. दुरून करत असाल तर नको. पण दूरच्या मशीनवर नेटवर्कशी संबंधित काहीही बंद करताना मी एक पथ्य पाळतो. थेट डिसेबल न करता आधी स्टॉप, आणि परत उठू नये म्हणून 'मास्क --रनटाइम'. हा मास्क /रन मध्ये बसतो आणि रीबूटला पुसला जातो. चुकून स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला, तर तिथल्या शिपायाला फोन करून बटण दाबून मशीन बंद-चालू करायला सांगायचं, सगळं होतं तसं परत येतं. दोन दिवस कुणी तक्रार केली नाही की मग पक्कं डिसेबल. आणि हो, पुढे २४.०४ वर जाल तेव्हा लक्षात असू द्या: उबंटूने २२.१० पासून एसएसएचही सॉकेटवर नेलं. तिथे एसएसएच.सर्व्हिस डिसेबल केली तरी २२ उघडंच दिसेल, एसएसएच.सॉकेटही घ्यावी लागेल. पीआयडी १ ची खूण तिथेही दिसते.

इतकं झालं की रीबूट करा. हे टाळू नका. लॅबची गोष्ट आठवा. सुरुवातीची एसएसची यादी एका फाइलमध्ये ठेवली असेल तर नवी यादी तिच्या शेजारी ठेवा. पीआयडी बदललेले असतील, तिकडे बघू नका, पोर्ट बघा. शिवाय त्याच नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनवरून एनमॅपने एकदा टीसीपीची सगळी पोर्टं तपासा. आतून दिसतं ते आणि बाहेरून पोचता येतं ते यात फायरवॉलमुळे फरक असतो. एखादं पोर्ट तरीही उरलं आणि सिस्टिमसीटीएलला ते माहीतच नसेल, तर 'सिस्टिमसीटीएल --युजर' ची यादी बघा. लॉगिन केल्यावर युजरच्या नावाने उठणाऱ्या सर्व्हिसेस तिथे असतात. तिथेही नसेल तर क्रॉनटॅबमधल्या '@रीबूट' ओळी, आणि स्नॅपने आलेलं काही असेल तर 'स्नॅप स्टॉप --डिसेबल'.

राहिलं ते दीड मिनिट. त्याचं खापर तुम्ही या सर्व्हिसेसवर फोडताय, पण त्या तेवढा वेळ खात नाहीत. दीड मिनिट म्हणजे ९० सेकंद, आणि सिस्टिमडी एखाद्या कामाची वाट बघतो ती मुदत नेमकी ९० सेकंदांची असते. बूट होताना एस्केप दाबून उबंटूचा लोगो बाजूला करा. लाल तारे इकडून तिकडे सरकताना दिसतील आणि शेजारी 'स्टार्ट जॉब चालू आहे' म्हणत सेकंद मोजले जात असतील. त्या ओळीत एखाद्या फोल्डरचं नाव असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही. एनएएसचा प्रयोग केलात तेव्हा /ईटीसी/एफएसटॅबमध्ये, म्हणजे बूटला काय काय जोडायचं त्या यादीत, त्याची ओळ घातली असणार. एनएएस गेलं, ओळ राहिली. दूरचं फोल्डर मिळेपर्यंत लॉगिनचा पडदा अडून राहतो आणि नसलेल्या एनएएसला मशीन रोज सकाळी ९० सेकंद हाका मारत बसतं.

म्हणून वर थांबा म्हणालो. आधी एफएसटॅबमधली ती ओळ काढा, 'सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड' करा, आणि मगच एनएफएस-कॉमन पर्ज करा. उलट्या क्रमाने केलंत तरी उशीर जाईल, कारण माउंट करणारा मदतनीसच नसल्यामुळे ते माउंट ताबडतोब फेल होईल. पण 'सिस्टिमसीटीएल --फेल्ड' मध्ये दर बूटला ती एक लाल ओळ येत राहील. मग एखाद्या दिवशी तुमच्या ऑफिसातलाच कुणीतरी कामसू माणूस ती ओळ घालवायला म्हणून एनएफएस-कॉमन परत टाकील, आणि त्याच्यासोबत १११ वर आरपीसीबाइंड पुन्हा येऊन बसेल.